तालुक्याचं तापमान

मागणी एका ओळीची होती. राज्यातल्या प्रत्येक तालुक्याचं १९५१पासूनचं रोजचं कमाल आणि किमान तापमान एका तक्त्यात हवं, शेजारी तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव. उन्हाळ्यातल्या आजारपणाची तालुकावार आकडेवारी आधीच जमलेली होती. तिच्या शेजारी तापमानाचा रकाना आला की डॉक्टरांचा गट पुढचं काम सुरू करणार होता. पुण्यातल्या आमच्या छोट्या संस्थेत अशी कामं माझ्याकडे येतात. शिक्षण संख्याशास्त्राचं, रोजचं काम पायथनमधलं. सर म्हणाले, "हवामान खात्याच्या फायली आहेत, तालुक्यांचा नकाशा आहे. एक स्क्रिप्ट लिही आणि दोन्ही जोडून टाक."

जोडणं अवघड नव्हतंच. आजच्या घडीला जिओपांडाज नावाच्या लायब्ररीत दोन नकाशे एकमेकांवर ठेवून त्यांचे छेद काढणं हे एका ओळीचं काम आहे. वेळ गेला तो त्या ओळीच्या अलीकडे आणि पलीकडे.

आधी तापमानाची बाजू. भारतीय हवामान खात्याचं पुण्यातलं मोठं दगडी कार्यालय शिवाजीनगरला आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे हललं, म्हणून त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. देशभरातल्या वेधशाळांच्या नोंदी इथेच तपासल्या आणि जपल्या जातात. त्यातून बनवलेला तापमानाचा संच खात्याच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येतो. त्यात भारतावर एक अंश बाय एक अंशाची जाळी टाकलेली आहे. दक्षिणोत्तर ७.५ ते ३७.५ अंश अक्षांश, पूर्वपश्चिम ६७.५ ते ९७.५ अंश रेखांश, म्हणजे ३१ गुणिले ३१, एकूण ९६१ बिंदू. दर दिवशी दर बिंदूला एक आकडा. एका वर्षाची अख्ख्या देशाची कमाल तापमानं जेमतेम दीड एमबीत मावतात. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याहून जड असतो.

या फायलींत ना शीर्षक असतं, ना रकान्यांची नावं. नुसते आकडे एकामागोमाग एक. पहिला आकडा कुठल्या अक्षांशाचा, वाचन दक्षिणेकडून सुरू करायचं की उत्तरेकडून, हे सोबतच्या टिपणात पाहून स्क्रिप्टला सांगावं लागतं. उलटं सांगितलं तरी संगणक तक्रार करत नाही. तो निमूटपणे जानेवारीतली थंडी केरळात आणि उकाडा काश्मिरात नेऊन ठेवतो. म्हणून वाचन झाल्याबरोबर जानेवारीच्या एका दिवसाचा नकाशा काढायचा आणि डोळ्यांनी बघायचा, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

दुसरी खबरदारी ९९.९ या आकड्याची. समुद्रावर किंवा जिथे नोंद नाही तिथे या फायलीत ९९.९ लिहिलेलं असतं. पावसाच्या फायलीत याच कामासाठी उणे ९९९ असतं. ते बरं, कारण उणे पाऊस पडत नाही हे कुणाच्याही लक्षात येतं. ९९.९ मात्र तापमानासारखं दिसतं आणि सरासरीत गुपचूप मिसळून जातं. त्यातही एक बारीक गोम आहे. संगणक ३२ बिटांत ९९.९ हा आकडा तंतोतंत साठवू शकत नाही, त्याच्या शेपटीला एक नगण्य अपूर्णांक चिकटतो. त्यामुळे "९९.९ असेल तर वगळ" अशी ओळ लिहिली तर ती काहीच वगळत नाही, असं होऊ शकतं. "९०च्या वर असेल तर वगळ" असं लिहायचं. भारतात कुठेही ९० अंश तापमान होत नाही एवढं भूगोलाचं ज्ञान स्क्रिप्टला पुरतं.

आता नकाशाची बाजू. महाराष्ट्रात आज ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके. माझ्या हाती आलेली सीमांची शेपफाइल मात्र २०११च्या जनगणनेच्या वेळची. त्यात ३५ जिल्हे, कारण ठाण्यातून पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. त्यानंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आजारपणाच्या तक्त्यात काही वर्षं जुनी नावं, काही वर्षं नवी. जनगणनेच्या इंग्रजी यादीतली स्पेलिंगं आणखी निराळी. बीडचं 'बिड', बुलढाण्याचं 'बुलडाणा', रायगडचं 'रायगढ'. शेवटचं तर सरळ छत्तीसगडमधल्या जिल्ह्याला जाऊन भिडतं. औरंगाबादही बिहारमध्ये आहेच.

तालुक्यांच्या नावांवरून जोडणी करणं त्याहून धोक्याचं. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशीममध्ये. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. नुसत्या तालुक्याच्या नावावर जोडलं तर घाटाखालच्या कर्जतचा दमट उन्हाळा दुष्काळी पट्ट्यातल्या कर्जतला मिळेल आणि तक्त्यात कुठेही लाल रेघ दिसणार नाही.

यावर उतारा म्हणजे संकेतांक. जनगणनेने राज्याला, जिल्ह्याला, तालुक्याला क्रमांक दिलेले आहेत. महाराष्ट्र २७, जिल्हे ४९७ पासून ५३१ पर्यंत. तालुक्यांचे संकेतांक पाच आकडी आणि शून्याने सुरू होणारे. पण कार्यालयांमधून येणारी प्रत्येक फाइल कधी ना कधी एक्सेलमधून गेलेली असते आणि एक्सेलला आघाडीचं शून्य निरर्थक वाटतं. ते खाऊन टाकलं की पाच आकडी संकेतांक चार आकडी होतो आणि कशाशीच जुळत नाही. जुन्या मराठी फाँटांत टंकलेल्या यादीची तर आणखी वेगळी गंमत. पडद्यावर जे 'दर्यापूर' दिसतं ते आत इंग्रजी अक्षरांचं कडबोळं असतं. शेवटी मी एक लहानसा तक्ता हातानेच बनवला. प्रत्येक तालुक्याची एक ओळ, त्याचा आजचा संकेतांक, २०११चा संकेतांक, आजवर कागदोपत्री आलेली सगळी नावं आणि नाव किंवा हद्द बदलल्याची तारीख. कंटाळवाणं काम. पण अख्ख्या प्रकल्पात इतरांनी सर्वांत जास्त वेळा मागून नेलं ते हेच.

मग प्रत्यक्ष जोडणी. तालुका जाळीच्या ज्या चौकोनांत पडतो, त्या प्रत्येक चौकोनात त्याचं किती क्षेत्र आहे ते काढायचं आणि त्या प्रमाणात तापमानाची सरासरी घ्यायची. सातारा तालुक्याचं उदाहरण घ्या. ७४ अंशाचं रेखावृत्त सातारा शहराच्या अगदी जवळून जातं, म्हणून तालुक्याचा काही भाग पश्चिमेकडच्या चौकोनात, काही पूर्वेकडच्या. हे हिस्से दररोज नव्याने काढायची गरज नसते. सीमा बदलत नाही तोवर वजनांचा तक्ता एकदाच करून ठेवायचा आणि दर दिवसाच्या आकड्यांना त्याने गुणायचं. सत्तरहून अधिक वर्षांचे दिवस साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत निघतात.

क्षेत्र काढताना मात्र पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो. अंशांत मोजलेला चौकोन म्हणजे किलोमीटरमधला चौकोन नव्हे. एक अंश अक्षांश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर, पण एक अंश रेखांश चिपळूणजवळ १०६ किलोमीटर भरतो आणि काश्मीरकडे जाताना आक्रसत जातो. म्हणून नकाशा आधी सपाट करून घ्यायचा. इथे अनेकजण सवयीने यूटीएम या प्रक्षेपण-पद्धतीचा ४३वा पट्टा लावतात. तो ७२ ते ७८ अंशांचा. ७८ अंशाचं रेखावृत्त अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जातं, म्हणजे वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही मंडळी ४४व्या पट्ट्यात. अख्ख्या राज्याला एकच माप लावायचं तर समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावं. पडताळा सोपा आहे. सगळ्या तालुक्यांच्या क्षेत्रांची बेरीज राज्याच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटरच्या जवळ यायला हवी. ती आली की या पायरीपुरता निर्धास्त व्हायचं.

तक्ता तयार झाला. ३५८ ओळी, दर दिवसाला एक आकडा, दशांशानंतर दोन स्थळं. नकाशावर रंग भरले तर देखणा दिसत होता. विदर्भ गडद लाल, मराठवाडा नारिंगी, कोकण फिकट. सर खूश झाले. मी मात्र नेहमीच्या सवयीने माझ्या ओळखीच्या भागावर जाऊन थांबले.

माझं माहेर चिपळूणचं. चिपळूण ज्या चौकोनात पडतं तो १७ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांशांचा. त्याच चौकोनात समुद्राकाठचं गुहागर आहे, दापोली आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून गेलं की येणारं कोयनेचं धरण आहे. सुमारे १३५० मीटर उंचीवरचं महाबळेश्वर आहे आणि पसरणी घाट उतरून येणारं वाईही आहे. खाऱ्या वाऱ्याची किनारपट्टी, सह्याद्रीची भिंत, ढगांत बुडालेला घाटमाथा आणि पलीकडचा कोरडा उतार, असा सगळा ऐवज एका बिंदूत. हवामान खातं स्वतः अंदाज देताना दापोलीला कोकण आणि गोवा या उपविभागात धरतं आणि महाबळेश्वरला मध्य महाराष्ट्रात. माझ्या तक्त्यात एप्रिलच्या एका दुपारी दोघांचं कमाल तापमान दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत सारखं होतं. अख्ख्या चाळीला एकच वीजमीटर असावा आणि महिनाअखेरीस प्रत्येक बिऱ्हाडाला सारखंच बिल यावं, तसं.

हिशेब करून पाहिला. या भागातल्या एका चौकोनाचं क्षेत्र पावणेबारा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्रातल्या तालुक्याचं सरासरी क्षेत्र साडेआठशेच्या वर. म्हणजे तेरा-चौदा तालुक्यांमागे एक आकडा. मी ३५८ ओळी छापल्या होत्या, पण त्यांच्यामागे माहिती होती ती जेमतेम काही डझन बिंदूंची. बाकीचं सगळं माझ्या स्क्रिप्टने गुणाकार करून पसरवलेलं.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण. मुंबई आणि अलिबाग ज्या चौकोनांत पडतात त्यांचे केंद्रबिंदू ७२.५ रेखांशावर, म्हणजे पाण्यात. गोव्याचा बराचसा भाग ज्या चौकोनात येतो त्याचा केंद्रबिंदूही पणजीच्या पश्चिमेला समुद्रात पडतो. अशा ठिकाणी तालुक्याला आकडा द्यायचा तर शेजारच्या चौकोनाकडून उसना घ्यावा लागतो आणि तो शेजारी बहुधा घाटाच्या जवळचा असतो. स्क्रिप्टमध्ये ही सोय एका शब्दाची आहे: 'जवळचा' घे. तो शब्द लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं असतं की अलिबागचा उन्हाळा आज कुणासारखा असेल.

जाळी इतकी जाड का, असा राग सुरुवातीला येतो. मग तिच्यामागचा शोधनिबंध वाचला की उतरतो. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा संच देशातल्या ३९५ केंद्रांच्या तपासलेल्या नोंदींवर उभा आहे. देशाचं क्षेत्र सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर. भागाकार केला तर आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटरमागे एक तापमापी. लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगलेली, कुणीतरी रोज ठरल्या वेळी जाऊन वाचलेली. एवढ्या नोंदींतून याहून बारीक जाळी विणली असती तर ती सुबक दिसली असती, खरी झाली नसती. एक अंशाचा चौकोन हा त्या शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणा होता. मी तालुक्यांच्या सीमा कापून तो सुबक करत होते.

बारीक माहिती मिळत नाही असंही नाही. राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. जळगावच्या केळीउत्पादकाला किंवा नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर ठरतं. त्यामुळे कुठलं केंद्र कुणाच्या शेतापासून किती लांब, याची चर्चा गावोगाव पारावर होते. पण ही केंद्रं २०१७नंतरची. डॉक्टरांना हवी होती सत्तर वर्षं. आणि स्वयंचलित यंत्र म्हणून तेही निःशंक नाही. २९ मे २०२४ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि नंतर हवामान खात्याने तपासून सांगितलं की तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दिला, तोही यंत्रातल्या बिघाडाचा निघाला. म्हणजे एकीकडे लांबलचक पण जाड, दुसरीकडे बारीक पण तोकडं.

तिसरी वाट ईआरए-५ लँडची. युरोपातल्या हवामान केंद्राने उपग्रह, नोंदी आणि भौतिकशास्त्राची समीकरणं एकत्र करून १९५०पासूनचं तासातासाचं तापमान नऊ किलोमीटरच्या जाळीवर मांडलं आहे. यात महाबळेश्वर आणि दापोली वेगळे दिसतात. मात्र आकडे केल्विनमध्ये, म्हणून २७३.१५ वजा करायचे. आणि घड्याळ ग्रिनिचचं, जे आपल्या साडेपाच तास मागे. कमाल तापमानाला यामुळे फारसा फरक पडत नाही. ते दुपारी होतं आणि दुपार अख्खीच्या अख्खी एका दिवसात मावते. किमान तापमानाचं मात्र बिनसतं. ग्रिनिचचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उलटतो. डिसेंबरात थंडीची कमाल होते ती सूर्योदयाच्या आगेमागे, म्हणजे त्यानंतर तासा-दीड तासाने. त्यामुळे एकच गारठलेली पहाट दोन तारखांमध्ये फाटते आणि थंडीच्या दिवसांची मोजणी फुगते. साडेपाच तास पुढे सरकवणारी एक ओळ लिहिली की काम होतं. ती ओळ लिहायची हे लक्षात मात्र यायला हवं.

उंचीची दुरुस्ती करून पाहावी असंही मनात आलं. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून रडारने मोजलेली जमिनीची उंची मोफत मिळते. तीस मीटरमागे एक आकडा, म्हणजे गावाबाहेरची टेकडीही त्यात दिसते. पुस्तकी नियम असा की किलोमीटरभर वर गेलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. त्या हिशेबाने समुद्रसपाटीच्या आणि महाबळेश्वरच्या तापमानात जवळजवळ नऊ अंशांचा फरक निघतो. चौकोनातला आकडा या नियमाने वर-खाली करून प्रत्येक तालुक्याला त्याचा त्याचा देता येईल. एप्रिलच्या दुपारी हे बऱ्यापैकी जमतं.

पण थंडीतल्या पहाटे नियम उलटा पडतो. निफाडचं नाव दर हिवाळ्यात बातम्यांत येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. निफाड काही डोंगरावर नाही, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड झालेली थंड हवा उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरातही थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या परिसरातल्या, गावातल्या उंच टेपावरच्या नव्हेत. साडेसहा अंशांचा नियम लावला तर स्क्रिप्ट निफाडला उबदार ठरवेल आणि ज्या शेतकऱ्याने रात्र बागेत जागून काढली त्याला सांगेल की तुमच्याकडे थंडी नव्हतीच. म्हणून उंचीची दुरुस्ती मी कमाल तापमानापुरतीच ठेवली, तीही पावसाळा वगळून. घाटमाथा ढगांत असतो तेव्हा हवेचा हिशेब वेगळा असतो.

इथवर आल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. 'तालुक्याचं तापमान' नावाची वस्तू निसर्गात नाही. तालुका ही वसुलीसाठी आखलेली हद्द. तापमान बदलतं ते उंचीने, समुद्रापासूनच्या अंतराने, वाऱ्याने, झाडीने. दोघांना एकत्र आणणारी जी संख्या असते ती स्क्रिप्ट जन्माला घालते आणि एकदा तक्त्यात बसली की ती मोजलेल्या संख्येसारखीच दिसते. फरक सांगणारी खूण तक्त्यात नसेल तर वाचणाऱ्याला तो कळण्याचा काहीच मार्ग नाही.

आणि खूण नसण्याची किंमत असते. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा एक निकष पाहा. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३० हवं, आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेलं हवं. म्हणजे तापमान कळण्याआधी जागा कुठल्या प्रकारची हे ठरवावं लागतं. गुहागर किनाऱ्यावर, यात वाद नाही. चिपळूण? समुद्र दिसत नाही, पण वाशिष्ठीत भरतीचं पाणी येतं आणि मे महिन्यात अंगातला सदरा दुपारभर ओलाच असतो. ३७ लावायचे की ४०? महाबळेश्वर तालुका डोंगराळ, पण जावळीचं काय, जिथे अर्धी गावं कड्यावर आणि अर्धी खोऱ्यात? प्रत्येक उत्तराने इशारा मिळणाऱ्या दिवसांची संख्या बदलते. उत्तर स्क्रिप्टमधल्या एका शब्दात असतं आणि स्क्रिप्ट कुणी उघडून वाचत नाही.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत मी प्रत्येक आकड्याशेजारी आणखी चार रकाने लावले. तालुक्याला किती चौकोनांनी आकडा दिला. तालुक्यातली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जमीन किती मीटरवर. आकडा मोजलेल्या बिंदूतून आला की शेजाऱ्याकडून उसना. आणि जागेचा प्रकार: किनारी, मैदानी, डोंगराळ की मिश्र. उंचीतला फरक ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला किंवा आकडा उसना असला, तर तालुक्याचा रकाना रिकामा सोडायचा आणि त्या पट्ट्याचा एकत्रित आकडा वेगळ्या तक्त्यात द्यायचा, असा नियम घातला. दशांशाचं दुसरं स्थळ काढून टाकलं.

बैठकीत नकाशा पडद्यावर आला तेव्हा सह्याद्रीच्या रांगेत आणि किनाऱ्याला पांढरे ठिपके होते. सरांच्या कपाळावर आठी आली. "अगं, नकाशात भोकं दिसतात. निधी देणाऱ्यांना दाखवायचंय हे. शेजारच्या तालुक्यांची सरासरी भर ना तिथे." मी म्हटलं, "सर, आधी एकच आकडा सगळ्यांना वाटून दिला होता. म्हणूनच दापोली आणि महाबळेश्वर सारखे दिसत होते."

वाद वाढला असता. तो थांबवला डॉक्टरांच्या गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी. त्यांनी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बरीच वर्षं काढलेली. त्या म्हणाल्या, "सर, मला रिकामी जागा दिसली तर मी तिथल्या केंद्राला फोन करून विचारेन. आकडा दिसला तर विचारणार नाही, तोच छापेन. आणि मग तिथल्या मेडिकल ऑफिसरकडे तोच आकडा वरून खाली जाईल. मला भोकं चालतील."

पांढरे ठिपके राहिले. पुढे त्यांचा एक उपयोग झाला जो माझ्या डोक्यात नव्हता. बाईंनी रिकाम्या तालुक्यांची यादी वेगळी काढून घेतली आणि विचारलं, यातल्या कुठल्या तालुक्यात महावेधचं केंद्र आहे, कुठे कृषी विद्यापीठाची किंवा धरणावरची जुनी नोंदवही आहे, कुठे काहीच नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जमवायला आम्ही लोक लावले. दापोलीला कृषी विद्यापीठाची वेधशाळा आहे, काही धरणांवर पावसाबरोबर तापमानही लिहून ठेवतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तापमापी कुठे बसवायच्या याची तयार यादीच होती. पुढच्या अर्जात निधी मागितला तो तिच्यासाठी. नकाशा देखणा नसल्याबद्दल अर्ज वाचणाऱ्यांनी काही विचारलं नाही. पांढऱ्या जागांबद्दल मात्र पुष्कळ विचारलं.

स्क्रिप्ट आता माझ्या एकटीची राहिलेली नाही. नवीन आलेली मुलं ती चालवतात आणि त्यांना मी एवढंच सांगते की छेद काढणारी ओळ शेवटी वाचा. आधी वगळण्याची ओळ वाचा, मग 'जवळचा' म्हणणारी, मग किनारा आणि डोंगर ठरवणारी. कुठल्या गावाला कुणाचं ऊन मिळणार हे या तीन ओळी ठरवतात आणि त्या बदलायच्या असतील तर कारण शेजारी मराठीत लिहून ठेवा, म्हणजे ते डॉक्टरबाईंनाही वाचता येईल.